आईचा दिवस कुठं जाईल?

ऐरोलीच्या नोकरीचं पत्र एप्रिल २०२५ मध्ये आलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तिथं पाणी येतं काय गं?"

नळाचं नव्हे, पुराचं. आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी घरात शिरलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शिरलं. पावसाळ्यात आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पंचगंगा चाळिशीच्या पुढं गेली की आई धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेते. त्यामुळं नवी मुंबई म्हटल्यावर तिला आधी समुद्र आठवला, आणि मग पाणी.

जाणार होतो तिघी. मी, आई आणि दुसरीत जाणारी माझी लेक. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडंच असते. नवऱ्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, सहा कामगार आहेत, ते उचलून कुठं नेता येत नाही. तो एक आड एक शनिवारी येणार असं ठरलं. पगार चांगला वाढत होता, कामही मला हवं होतं तसंच होतं, त्यामुळं जायचं की नाही यावर आमचा फार वेळ गेला नाही. वेळ गेला तो कुठं राहायचं यावर.

भाड्यासाठी वीस-बावीस हजार काढता येतील असा हिशेब मी केला. १२ मे, सोमवारी मी एकटीच रुजू झाले आणि घर मिळेपर्यंत डोंबिवलीला आत्याकडं राहिले. शाळा १६ जूनला सुरू होणार होत्या. म्हणजे माझ्या हातात पाच आठवडे होते.

आत्याचं म्हणणं साधं होतं. डोंबिवलीतच घर घे, आपल्या जवळ. तिचा आग्रह मनापासूनचा होता आणि तिच्याकडं कारणंही होती. फडके रोडवर संध्याकाळी नुसतं फिरलं तरी मन रमतं, व्याख्यानं, गाणं, वाचनालय सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, सेमी-इंग्लिश शाळा चांगल्या, वन बीएचके पंधरा-सोळा हजारांत. शिवाय आईला नणंद शेजारी. दोघींचं चांगलं जमतं. आई अजून तिला "वन्सं" म्हणते.

अडचण एकच होती, गाडी.

डोंबिवलीहून ऐरोलीला जायचं म्हणजे आधी ठाण्याला यायचं, तिथं पूल चढून नऊ किंवा दहा नंबरला जायचं आणि ट्रान्स-हार्बरची गाडी धरायची. कळव्याहून थेट ऐरोलीकडं जाणारा उन्नत मार्ग व्हायचा आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कल्याण बाजूच्या माणसाला ठाण्याचा वळसा अजून चुकलेला नाही. आत्याच्या घरून ऑफिसच्या दारापर्यंत मला रोज सव्वा तास लागायचा. सव्वा तासाचं मला काही वाटत नव्हतं. पहिल्या वीस मिनिटांचं वाटायचं.

लेडीज डब्यात चढल्या चढल्या विचारतात, "कुठं उतरणार?" पहिल्या दिवशी मला वाटलं, चौकशी चाललीय. मग कळलं, त्यावर तुमची उभं राहायची जागा ठरते. मी ठाणे म्हटल्यावर एका बाईंनी माझा दंड धरून मला पुढं घेतलं आणि म्हणाल्या, "मुंब्रा जायच्या आत दाराशी पोच, नाहीतर थेट घाटकोपर." बॅग पुढं, डबा बॅगेत, ओढणीला गाठ. त्या बायकांनी मला आठवड्याभरात तयार केलं, हे मी विसरणार नाही. पण रोज उतरताना माझ्या मनात यायचं की लेकीला ताप आला, आईचा फोन आला, तर या गर्दीतून उलटं घरी पोचायला मला किती वेळ लागेल?

शनिवार-रविवार मी घरं बघत होते. पहिल्यांदा बदलापूर. ऑफिसमधल्या एकीनं सांगितलं होतं की तिथं टू बीएचके बारा हजारांच्या आत मिळतो. मिळतही होता. पश्चिमेला नदीच्या अंगाला असलेली नवी दिसणारी बिल्डिंग, दुसरा मजला, हवा खेळती. एजंट खिडक्या उघडून दाखवत होता. मी त्याला म्हटलं, मीटर-रूम दाखवा. त्याला नवल वाटलं.

पूर बघितलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मीटर कुठल्या उंचीवर बसवलेत ते बघायचं. इथं सगळे मीटर माझ्या डोक्याच्या वर होते, आणि खाली भिंतीवर, साधारण छातीपर्यंत, जुन्या मीटरच्या खिळ्यांची भोकं नुसत्या सिमेंटनं बुजवलेली होती. रंग नवा होता, पण त्या उंचीच्या खाली पोपडे आले होते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं गेले. त्याची साखरेची आणि आट्याची पोती जमिनीवर नव्हती. विटा रचून त्यावर फळ्या, फळ्यांवर पोती. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "एकोणीसला इथवर होतं," आणि काउंटरच्या वरच्या कडेला हात लावला.

जुलै २०१९ मध्ये मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. हजाराच्या वर माणसं होडीनं बाहेर काढली. आमच्या गल्लीतले दोघं त्या गाडीत होते. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच आमच्याकडं पूर आला. तीच उल्हास नदी, तेच साल. बदलापूरमध्ये नदीपासून लांब, पूर्वेला, कोरड्या जागा पुष्कळ आहेत आणि लाखो माणसं तिथं संसार करतात, हे मला कळतं. पण ऐरोलीपर्यंतचा प्रवासही दीड तासाच्या वर जात होता. बदलापूर मी तिथंच सोडलं.

ठाण्यात घोडबंदर रोडला एक घर बघायला आईला मुद्दाम बोलावून घेतलं. रात्रीच्या गाडीनं ती आणि लेक कल्याणला उतरल्या. चौदावा मजला, बाल्कनीतून येऊरचे डोंगर. मला ते घर आवडलं होतं, हे मी लपवत नाही. भाडं बजेटच्या बाहेर जात होतं, तरी ओढाताण करून जमवू म्हणत होते. आई बाल्कनीत गेली, आत आली, मग बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली. मजल्यावर सहा दारं, सहाही बंद. तिनं मला विचारलं, "तू गेल्यावर मी हितं कुणाशी बोलू?"

मला उत्तर देता आलं नाही. खाली उतरायला लिफ्टचं कार्ड लागत होतं, गेटवर वही होती. कोथिंबिरीची जुडीसुद्धा मोबाइलवरून मागवायची, असं एजंट कौतुकानं सांगत होता. त्याच संध्याकाळी मालकांचा फोन आला. जेवणात काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, मग जमणार नाही. रविवारी तांबडा-पांढरा करणाऱ्या घरातल्या बाईला आपल्याच राज्यात हे ऐकावं लागतं, याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण घर तर त्याच्या आधीच, आईच्या त्या एका प्रश्नानं हातचं गेलं होतं.

त्या रात्री आत्याच्या गॅलरीत बसून मला स्वच्छ दिसलं की मी चुकीच्या माणसासाठी घर शोधत होते. मी दिवसाचे दहा-अकरा तास बाहेर असणार. लेक शाळेत. चोवीस तास त्या वस्तीत राहणार होती ती आई. ऑफिसपासूनचं अंतर, स्टेशनपासूनचं अंतर, कार्पेट एरिया, ही सगळी माझी मापं होती. तिचा दिवस कुठं जाईल हे मी मोजलंच नव्हतं. भाजी कुठून आणेल, कुणाच्या पायरीवर बसेल, दुपारी लेकीला शाळेतून आणताना वाटेत कोण भेटेल?

मग शोध बदलला. आधी वस्ती, मग घर.

ऐरोलीचे सेक्टर चांगले होते, चालत ऑफिस, पण वन बीएचकेला अठ्ठावीस हजार मागत होते. घणसोलीत गावठाणाला लागून एक घर चौदा हजारांत मिळत होतं. तिथं एजंट म्हणाला, "रजिस्टर कशाला, नोटरी करून टाकू." यावर मात्र मी ठाम होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढं भांडण झालं, तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला शिक्षाही होऊ शकते. आम्हाला तर शाळेसाठी, गॅससाठी, बँकेसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद लागणार होता. मालक नोंदणी का टाळतोय हे विचारल्यावर कळलं, बांधकामाचे कागदच पुरते नव्हते. नवी मुंबईत गावठाणांभोवती, या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांची 'गरजेपोटी बांधलेली घरं' आहेत, त्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतोय. त्या माणसांची बाजू मला पटते. पण लेकीचा आणि आईचा पत्ता मला अशा जागी लिहायचा नव्हता.

कोपरखैरणेला मी गेले ती ऑफिसमधल्या चहावाल्यामुळं. तो सांगलीकडचा. म्हणाला, "ताई, घाटावरची माणसं पाहिजेत ना? मग कोपरखैरण्याला जावा. माथाडींच्या गल्ल्या बघा."

मुंबईतले घाऊक बाजार मशीद बंदर, भायखळ्याहून टप्प्याटप्प्यानं तुर्भे-वाशीला हलले, तशी पोती उचलणारी माथाडी माणसंही खाडी ओलांडून आली. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्यांच्या कामाला संरक्षण दिलं होतं. सातारा, सांगली, पुण्याच्या डोंगरी तालुक्यांतले हे लोक. कोपरखैरण्यात, घणसोलीत त्यांच्यासाठी लहान लहान घरं झाली. आता बहुतेकांनी त्याच चिंचोळ्या जागेवर वर एक-दोन मजले चढवलेत. खाली मालक राहतो, वरचा मजला भाड्यानं. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की रिक्षा शिरत नाही.

मी आईला घेऊन गेले ते ३१ मे, शनिवारी. मान्सून त्या वर्षी २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता. एवढ्या लवकर तो गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता. घर शोधणाऱ्यांना तो त्रासाचा वाटला, मला मात्र उपयोगाचा. मार्चमध्ये सगळ्याच वस्त्या चांगल्या दिसतात. पावसात गटार कुठं तुंबतं, जिन्यात कुठं ओल येते, चप्पल हातात घेऊन कुठं चालावं लागतं, हे आपोआप दिसतं.

एजंट कुलूप उघडायला वर गेला. आम्ही खाली थांबलो. मालकीणबाई पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी सरकून आईला जागा दिली.

"कुठल्या तुम्ही?"

"कोल्हापूर. माहेर कराड तालुक्यातलं."

"अगं बाई! आमचं ढेबेवाडी. पाटण."

"मग काय, शेजारीच की."

मी वर जाऊन घर बघून आले. एक खोली, हॉल, लहानसं स्वयंपाकघर, मागं कपडे वाळत घालायला जेमतेम जागा. हॉलमध्ये दुपारीही दिवा लावावा लागेल असा अंधार. घोडबंदरच्या त्या बाल्कनीपुढं हे काहीच नव्हतं. खाली आले तेव्हा आईच्या मांडीवर सूप होतं आणि ती शेंगा फोडत होती. मला म्हणाली, "बघितलंस? बरं हाय न्हवं?" तिनं घर बघितलंही नव्हतं.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. मीटर बघितले, खांद्याच्या उंचीवर होते, भिंत कोरडी. गल्लीतल्या तीन दुकानदारांना विचारलं. घोट्यापर्यंत पाणी येतं, दीड-दोन तासांत उतरतं, घरात शिरत नाही, असं तिघांनीही सांगितलं. इथलं पाणी आमच्या नदीसारखं वरून येत नाही. सिडकोनं खाडीकाठच्या सखल जमिनीवर हे शहर वसवताना धारण तलाव केले. भरतीला त्यांची दारं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला खाडीत सोडतात. अनेक तलावांत आता गाळ भरलाय, खारफुटी वाढलीय आणि ती कोर्टाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. त्यामुळं मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की सखल गल्ल्यांत पाणी तुंबतं. हे सगळं मी आईला कागदावर काढून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे पाणी किती वाजता येणार ते आधी कळतं? मग भ्यायचं काय कारण?"

रात्री साडेदहाला मी पुन्हा एकटी गेले, मुद्दाम. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आहेत, रात्री वास येतो असं ऐकलं होतं. आला. औषधाच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखा, हलका पण ओळखू येणारा. शेजारच्या पोरानं सांगितलं की थंडीत जास्त येतो. ही या जागेची खरी उणीव आहे आणि ती मी कमी लेखत नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीलगतही तीच तक्रार, आणि तिथं तर २०१६ आणि २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले. मी दोन्हीकडच्या उणिवा शेजारी शेजारी ठेवून बघत होते, आणि ठरत नव्हतं.

ठरलं ते ९ जूनला. त्या सोमवारी सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, काही जणांचा जीव गेला. मी लवकरच्या गाडीनं गेले होते, ऑफिसात पोचले होते. आत्याचा फोन आला तेव्हा तिला बोलता येईना. माझे काका चौतीस वर्षं त्याच लाइननं गेले-आले. संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं स्वतःच विषय काढला. "पोरी, मी तुला इथं राहा म्हणत होते. नको. तिकडचंच घर घे. मी येईन भेटायला दुपारच्या रिकाम्या गाडीनं."

दुसऱ्या दिवशी टोकन दिलं. भाडं एकोणीस हजार, डिपॉझिट पंचाहत्तर हजार, एजंटचं एक महिन्याचं भाडं. करार अकरा महिन्यांचा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. आमचं साडेपाचशेच्या आसपास आलं. नोंदणी फी एक हजार. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची, तीही दिली.

नोंदणी घरीच झाली. एजंटचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला. माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. मालक आजोबा पुढं आले. अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, तर्जनी, मधलं बोट. त्या माणसानं ओलं फडकं दिलं, मग थोडं तेल लावून बघितलं. आजोबांनी बत्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पोती उचलली. हात उलटा करून त्यांनी मला दाखवला. बोटांची टोकं गुळगुळीत, घासून घासून सहाणेसारखी झालेली, आणि अंगठ्याच्या मुळाशी आकडी धरून पडलेला घट्टा. ते काही बोलले नाहीत, पण ज्या घरासाठी ते हात झिजले त्याच घराच्या कागदावर ते हात उमटत नव्हते, आणि खोलीतले सगळे गप्प झालो. शेवटी उजव्या हाताची करंगळी लागली. हिरवा दिवा आला तशी आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. सामान यायचं होतं, पातेलं मालकीणबाईंचंच होतं.

१४ जूनला आम्ही राहायला आलो. सोमवारी लेक शाळेत गेली. सेमी-इंग्लिश, घरापासून सात मिनिटं. शाळा सोडल्याचा दाखला आणि नोंदणीचा कागद दाखवल्यावर प्रवेशाला अडचण आली नाही. मला कोपरखैरणे ते ऐरोली तीन स्टेशनं. संध्याकाळी घरी येते तेव्हा अनेकदा दार बंद असतं, आणि आई समोरच्या घरी, नाहीतर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडं असते. पूर्वी कचऱ्याचा डोंगर होता तिथं आता निसर्ग उद्यान आहे. सकाळी चौघी जणी तिथं चालायला जातात. नवरा पहाटे वाशीला उतरतो तो थेट चहाच्या वेळेला घरी.

त्रासही आहेत. गाड्या लावण्यावरून गल्लीत आठवड्याला एक भांडण होतं. हॉल अंधारा तो अंधाराच. डिसेंबरात वासानं आईला खोकला लागला होता, खिडक्या रात्री बंद ठेवाव्या लागल्या. लेकीला मैदान लांब पडतं.

१९ ऑगस्टला मुंबई पावसानं बंद पडली तेव्हा आमच्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी आलं. मी घरून काम करत होते. नवऱ्याचा कोल्हापुरातून फोन, तिकडंही पंचगंगा चढत होती. तो सांगत होता बंधाऱ्यावर किती फूट झालं, आणि आई खिडकीतून खाली बघत त्याला सांगत होती की इथं भरती किती वाजता उतरणार आहे.

करार मे महिन्यात संपला. ऑफिसमधल्या दोघी-तिघींनी नवे टॉवर सुचवले होते, मी एक बघूनही आले. आईला विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. आजोबांनी भाडं हजारानं वाढवलं, ते आम्हाला मान्य होतं. मशीनवाला माणूस नवा होता. त्यानं आजोबांना म्हटलं, "बाबा, अंगठा ठेवा." आजोबांनी करंगळी पुढं केली.